विजेला आपल्या अंगातून वाट देऊ नका

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या घराघरांना, शेतकऱ्यांना, एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगारांना आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांना हे आवाहन आहे. मृग जवळ आला की आपण कौलं चाळतो, पत्रे ठोकून घेतो, लाकूडफाटा आत घेतो, आगोटीची तयारी करतो. त्या कामांत यंदा आणखी एक काम घाला. घरातली वीज नीट तपासून घ्या, आणि वीज वागते कशी हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा.

आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोलीला 1915 साली पाण्यावर वीज तयार होऊ लागली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी अनेक घरांत वीज अजून ऐकीव माहितीवर हाताळली जाते. रबरी चप्पल घातली की काही होत नाही. एकच तार धरली तर शॉक बसत नाही. मेन स्विच पाडला की घरातली सगळी वीज गेली. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि तिन्ही जीव घेऊ शकतात. त्या का चुकीच्या आहेत हे समजायला मोठं शिक्षण लागत नाही. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: वीज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वाट शोधते, आणि ती वाट आपल्या अंगातून जाता कामा नये.

साचलेली वीज

प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण असे दोन प्रकारचे प्रभार असतात. ते सारखे असतात, म्हणून एरवी काही जाणवत नाही. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीतले काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्यावर गेले ती ऋण होते, जिच्यातून गेले ती धन. घासल्यामुळे वीज नव्याने जन्माला येत नाही, आधीपासून असलेला प्रभार फक्त जागा बदलतो. त्याला परत जायला वाट नसली की तो तिथेच साचून राहतो. हीच स्थिर वीज.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, महाबळेश्वरच्या पायथ्याकडच्या वाड्यांमध्ये पौष-माघातली सकाळ कोरडी असते. तेव्हा पॉलिएस्टरचा शर्ट काढताना तडतड ऐकू येते, प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवला की तो कागदाचे कपटे उचलतो. हाच प्रयोग आषाढात केला तर फसतो, कारण दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो. मुलांना हा प्रयोग थंडीत करून दाखवा, आणि पावसात का होत नाही हेही विचारा. ओलाव्यातून वीज वाट काढते, हा पहिला धडा त्यांना तिथेच मिळेल.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. थंडीत दाराच्या कडीला हात लावताना जाणवण्याइतकी ठिणगी उडते, तेव्हा अंगावरचा दाब 3000 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. घरातल्या विजेचा दाब 230 व्होल्ट. तरी ठिणगी फक्त टोचते आणि घरातली वीज जीव घेते. कारण साचलेला प्रभार अगदी थोडा असतो आणि क्षणाच्याही छोट्या भागात संपतो. घरातली वीज मात्र मागून येतच राहते. इजा किती होणार हे अंगातून किती विद्युतप्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कुठून गेला यावर ठरतं.

आकाशातली वीज: वैशाख आणि कापणी

ढगातही प्रभारच साचतो. दुपारी तापलेली दमट हवा सह्याद्रीच्या उतारावरून वेगाने वर चढते, दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात, आणि त्यांतले बर्फाचे कण गारांवर आदळून प्रभार वेगळे होतात. ढगाचा खालचा भाग बहुधा ऋण होतो, त्याच्या खालची जमीन धन. दोघांमधली हवा हा ताण सोसू शकली नाही की वीज कोसळते. आकाशातली वीज आणि घासून निर्माण होणारी वीज एकच आहे, हे बेंजामिन फ्रँकलिनच्या काळात, 1752 च्या सुमारास, प्रयोगांनी सिद्ध झालं. फरक आहे तो प्रमाणाचा. पडणाऱ्या विजेत साधारण 30,000 अँपिअर इतका प्रवाह असतो.

आपल्या भागात विजांचा जोर मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या सरींबरोबर असतो. तो पुन्हा येतो ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात. म्हणजे पेरणीची मशागत आणि भातकापणी, या दोन्ही वेळी माणसं उघड्या शेतात असतात. म्हणून या दिवसांत दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवा.

वीज चमकली की मनात सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर काम तिथेच सोडून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पेंढा भिजेल, भात भिजेल, ते नुकसान सोसता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. फोनवर ते घ्या. ज्या वाड्यांत रेंज नाही तिथे डोळे, कान आणि मनातली मोजणी यांवर भिस्त ठेवा.

आंब्याखाली, सागाखाली, शेतातल्या एकट्या झाडाखाली उभं राहू नका. वीज झाडावर पडली की तिचा काही भाग खोडावरून उडी मारून जवळच्या माणसात येतो, आणि उरलेली जमिनीत पसरते. जमिनीत पसरताना एका पायाखाली दाब जास्त आणि दुसऱ्या पायाखाली कमी असतो. तेवढ्या फरकाने वीज एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम दगावतात. वळवाच्या दिवसांत गुरं झाडाला बांधू नका. उघड्यावर अडकलातच, तर सगळ्यांनी एकत्र न थांबता पांगा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. याने धोका कमी होतो, टळत नाही. टळतो तो वेळेत घरी पोहोचल्यानेच.

गावातली शाळा, मंदिराचा कळस, पाण्याची उंच टाकी यांवर वीजरोधक आहे का, हे ग्रामसभेत विचारा. असेल तर त्याची पट्टी खाली जमिनीपर्यंत सलग आहे ना, मध्येच कुणी कापून तर नेली नाही ना, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. विजेला जमिनीपर्यंत सरळ वाट करून देणं एवढंच त्याचं काम असतं, आणि ती वाट तुटलेली असेल तर तो निरुपयोगी आहे.

घरातली वीज आणि तिचं वर्तुळ

साचलेला प्रभार क्षणात संपतो. सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती आली ती 1800 साली, व्होल्टाने पहिली बॅटरी केली तेव्हा. टॉर्च उघडून पाहा: सेलच्या एका टोकापासून निघालेली वाट बटणातून, दिव्यातून फिरून सेलच्या दुसऱ्या टोकाला येते. हे वर्तुळ पूर्ण असेल तोवरच वीज वाहते. कुठेही तुटलं की थांबते. याला परिपथ किंवा सर्किट म्हणतात, आणि बटण म्हणजे ते वर्तुळ हवं तेव्हा तोडायची सोय.

डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आपण पाइप टाकून खाली वाडीत आणतो. झरा जितका उंच, तितका पाण्याला जोर. पाइप जितका अरुंद, तितकं पाणी कमी. विजेत उंचीच्या जागी व्होल्ट, पाण्याच्या जागी अँपिअर आणि अरुंदपणाच्या जागी ओहम असतात. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात. ओहम या शास्त्रज्ञाचा हा नियम 1827 सालचा, आणि आपला जीव वाचवायला तो पुरेसा आहे.

हिशोब करून पाहू. कोरड्या हाताचा रोध हजारो ओहम असतो. पण हात ओले, पाय चिखलात असले की अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. 230 भागिले 1000, म्हणजे 230 मिलिअँपिअर. यातले दहा-पंधरा मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आखडतात आणि हाताची पकड सुटत नाही. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतात. नऊ वॉटचा छोटा एलईडी दिवा जेमतेम 40 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एक दिवा पेटायला जितकी वीज लागते, तितकी माणूस मरायला पुरते.

आता ‘एकच तार धरली’ या समजुतीकडे येऊ. वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय वीज वाहत नाही, मग एका तारेने शॉक कसा बसतो? कारण गावातल्या डीपीजवळ न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो. तुम्ही फेज धरला की वीज हातातून, छातीतून, पायातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून डीपीकडे परत जाते. वर्तुळ पूर्ण होतं आणि आपण त्याचा एक भाग होतो. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्याच्यातून पुढे जायला वाट नसते. रबरी चप्पल पायाखालची वाट अडवू शकते, पण ती ओली किंवा झिजलेली असली, किंवा दुसरा हात भिंतीला, नळाला लागला, की तिचा उपयोग संपतो.

म्हणून अर्थिंग. फ्रिज, मोटर, गिझर यांच्या लोखंडी अंगावर कधी फेज उतरलाच, तर त्याला आपल्या अंगापेक्षा सोपी वाट जमिनीत मिळावी यासाठी ती हिरवी तार असते. थ्री-पिन टॉपची जाड, लांब पिन तिच्यासाठीच आहे. ती पिन काढून टू-पिनमध्ये कोंबू नका. अर्थिंग नुसतं असून भागत नाही, ते चांगलंही असावं लागतं. आपल्या डोंगराळ वाड्यांत दोन हातांवर कातळ लागतो आणि उन्हाळ्यात माती सुकते, त्यामुळे जमिनीची वाट अवघड होते. समजा त्या वाटेत एकंदर 23 ओहम रोध आहे. मग फेज अंगावर उतरलेल्या मोटरीतून 10 अँपिअरच जमिनीत जातील, आणि 16 अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही. मोटर तशीच जिवंत राहील आणि पुढचा हात लावणारा सापडेल. अर्थिंगचा खड्डा ओलाव्याच्या जागी घ्या, चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओता, आणि वायरमनकडून त्याची मोजणी करून घ्या.

त्याहून मोठं काम म्हणजे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारे 230 मिलिअँपिअर त्याला कळतही नाहीत. आरसीसीबी जाणारी आणि परत येणारी वीज ताडून पाहतो. थोडी जरी दुसऱ्या वाटेने जमिनीत गेली, तरी क्षणात वर्तुळ तोडतो. घरात एखादी वस्तू कमी घेतली तरी चालेल, हे उपकरण घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

घराभोवती एक फेरी मारा

पावसात पडवीत कपडे वाळत घालायला आपण लोखंडी तार बांधतो. ती तार पत्र्याला टेकलेली असते, पत्र्याला खांबावरून येणारी सर्व्हिस वायर घासत असते. वायरचं आवरण फाटलं की ओले कपडे वाळत घालणारी बाई थेट फेज धरते. ती तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायर पत्र्यापासून उचलून घ्या.

फ्यूज उडतो म्हणून त्याजागी जाड तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूजने उडणं हेच त्याचं काम आहे. विहिरीवरच्या मोटरीची केबल गवतातून, पाण्यातून नेलेली असेल तर जोड उघडे आहेत का पाहा. गणपतीत मखराच्या माळा आणि मंडपाचे दिवे लावताना जोडांना चिकटपट्टी नीट बसवा, उघडी टोकं सॉकेटमध्ये काडीने खोचू नका.

भाताची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडणं आणि वलगणीचे मासे धरायला पाण्यात करंट सोडणं, हे दोन्ही प्रकार गावांनी कायमचे बंद करावेत. अंधारात त्या तारेला कुणाचा पाय लागेल हे तार लावणाऱ्याच्या हातात नसतं. शेजाऱ्याचं पोर असेल, नाहीतर आपलंच.

पाणी भरतं तेव्हा

22 जुलै 2021 ची रात्र महाडकरांना सांगायला नको. महाबळेश्वरच्या डोंगरावर चोवीस तासांत 590 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. सावित्री तिथूनच निघून पोलादपूरवरून महाडला येते, आणि रायगडाच्या बाजूने गांधारी येऊन मिळते. खाली भरती असली की पाणी उतरायला जागा राहत नाही. बाजारपेठ बुडाली, घरांचे तळमजले बुडाले. असा पूर पुन्हा येईल हे धरूनच वीज ठेवायला हवी.

मीटर, मेन स्विच आणि बोर्ड 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर चढवा. तळमजल्याचं सर्किट आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगवेगळं करा, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा ठेवता येईल. पाणी दारात येण्याआधी, हात-पाय कोरडे असताना मेन स्विच पाडा. पाणी आत शिरलं असेल, पायाखाली पाणी असेल, तर बोर्डाला हात लावू नका. महावितरणला 1912 वर फोन करून पुरवठा तोडायला सांगा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर आणि छतावरचं सौर पॅनेल वीज देतच राहतात. ते वेगळे बंद करावे लागतात.

पाणी ओसरल्यावर उजेड पाहण्याची घाई होते. तेव्हाच थांबा. बोर्डात आणि पाइपात शिरलेला गाळ ओला असतो आणि ओला गाळ वीज वाहून नेतो. बोर्ड उघडा, धुवा, वाळवा, बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी बदला, आणि परवानाधारक वायरमनने मेगर मारून, म्हणजे तारांचं आवरण शाबूत आहे का हे यंत्राने मोजून, तपासल्याशिवाय पुरवठा सुरू करू नका. फ्रिज, मोटर, चक्की यांनाही हेच लागू.

पुरानंतर जनरेटर आणाल, तर त्याची वायर घराच्या सॉकेटमध्ये लावून सगळं घर चालवू नका. ती वीज मीटरमधून उलटी डीपीत जाते, तिथे तिचा दाब वाढून 11,000 व्होल्ट होऊ शकतो, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. आपला अंधार घालवायला जो चिखल तुडवत आला, त्याच्याच जिवावर हे उठतं. एक तर मेनमध्ये चेंजओव्हर स्विच बसवा, किंवा जनरेटरवरून वेगळ्या वायरने दिवे लावा.

तुटलेली तार जमिनीवर दिसली तर दहा मीटरच्या आत जाऊ नका, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, 1912 ला कळवा. जवळ सापडलातच तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता सरकत दूर व्हा.

कारखान्यातल्या भावांना

साचलेल्या विजेची जी ठिणगी घरात फक्त टोचते, तीच एमआयडीसीत आग लावू शकते. टोल्युइनसारखं द्रावक प्लॅस्टिकच्या नळीतून वाहताना प्रभार साचतो. त्याची वाफ पेटायला एक मिलिजूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, आणि माणसाच्या बोटातून उडणाऱ्या ठिणगीत त्याहून जास्त असू शकते. म्हणून ड्रम भरताना ड्रम आणि पाइप तारेने एकमेकांना जोडलेले आणि जमिनीला जोडलेले असलेच पाहिजेत. तो क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला तर वाट तुटते, तो उघड्या धातूवर बसला पाहिजे. सुती कपडे आणि अँटिस्टॅटिक बूट मागून घ्या. क्लॅम्प नसेल तर काम थांबवून सुपरवायझरला सांगा. हा तुमचा हक्क आहे. पंपावर कॅनमध्ये पेट्रोल घेताना कॅन गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवा.

कुणाला शॉक लागला तर

धावत जाऊन हात धरू नका, नाहीतर वर्तुळात तुम्हीही सापडाल. आधी वीज तोडा. बटण हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा, तुम्ही कोरड्या जागी उभे राहा. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात मात्र वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 दाब द्या, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. मेल्यासारखी दिसणारी माणसंही यातून परत येतात. पायाला चिखल लावणं, जमिनीत पुरून ठेवणं यात वेळ घालवू नका.

बंधू-भगिनींनो, यातलं एकही काम आपल्या हाताबाहेरचं नाही. येत्या ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत हा विषय मांडा. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक वायरमन बोलवा, खर्च वाटून घ्या. ज्या म्हाताऱ्या आई-बापांची मुलं मुंबईला किंवा सुरतेला आहेत, त्यांच्या घराची फेरी शेजाऱ्यांनी मारावी. आणि मुंबईकरांनो, मे महिन्यात गावी याल तेव्हा घरासाठी टीव्हीआधी आरसीसीबी आणा. मृग लागण्याच्या आत प्रत्येक घरात चालू अर्थिंग, आरसीसीबी आणि पडवीत नायलॉनची दोरी असावी. एवढं केलंत तरी विजेची वाट आपल्या माणसांच्या अंगातून जाणार नाही.